पेटीवर सावली, झाडावर अळी

नमस्कार श्रोतेहो.

संक्रांत होऊन गेली, ऊन चढायला लागलंय. चिमण्यांची जागा शोधायची घाई सुरू झाली आहे. अंगणात त्यांच्या घरट्यासाठी पेटी लावायची असेल तर ती याच पंधरवड्यात लावा. पेटी कशी करायची ते फार सांगत नाही, फळीचे तुकडे जोडून कुणालाही जमेल. तळ 5 इंच बाय 5 इंच, भोक सव्वा इंचाचं, म्हणजे साळुंकी आत शिरत नाही. भोकाखाली काडी लावू नका. चिमणीला ती लागत नाही, कावळ्याला मात्र आयती बैठक मिळते.

मला सांगायचंय ते वेगळंच. पेटीवर सावली हवी आणि जवळच्या झाडावर अळी हवी. पुन्हा सांगते, पेटीवर सावली, झाडावर अळी.

हे मी लातुरात शिकले, 2016 च्या एप्रिलात. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तोच एप्रिल. घरात पाण्याचा हिशेब तांब्यानं चालायचा. भाजी धुतलेलं पाणी जास्वंदीला, तांदळाचं धुवण तुळशीला, आणि झाडांच्या बुडाशी सोयाबीनच्या भुसकटाचा वीतभर थर. त्या थरानं माझी जास्वंद आणि कढीपत्ता जगवला.

मुलानं फाल्गुनात पेटी टांगली होती, पश्चिमेच्या भिंतीला. तेव्हा भिंत गार होती, कुणाच्या लक्षात आलं नाही. चिमणी आली, रोज एक अशी चार अंडी झाली. मुलगा भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं मांडायचा. बाराव्या दिवशी पिल्लं निघाली.

पिल्लं दहा दिवसांची झाली त्या दुपारी चिवचिव अचानक थांबली. बाहेर जाऊन बघते तर भोकाशी दोन पिल्लं चोची उघड्या टाकून धापा टाकतायत. पेटीला हात लावला, तवा तापावा तशी तापलेली. मुलगा म्हणाला, ओलं गोणपाट टाकू. पण ते दर तासाला भिजवायचं म्हटलं तर पाणी कुठलं? पेटी काढून दुसरीकडे लावावी तर चिमणीला पत्ता सापडेल का?

आमच्या सासूबाई, आम्ही त्यांना मामी म्हणायचो, ओसरीवर ज्वारी निवडत होत्या. त्या उठल्या. "अगं, लेकरं भाजायलेत आत, बघत काय बसलीस!" म्हणाल्या आणि हातातल्या सुपातली ज्वारी चादरीवर ओतून सूप माझ्या हातात दिलं. मुलगा स्टुलावर चढला. सूप पेटीच्या वर, पश्चिमेकडे झुकवून, तारेनं बांधलं. मध्ये चार बोटं जागा सोडायची हे मामींनीच सांगितलं, "वारं खेळू दे, टेकवू नको."

मग आम्ही तिघं दाराआड. चिमणी कपड्याच्या तारेवर बसली, चोचीत हिरवी अळी. सुपाकडे बघायची, मान वाकडी करायची, उडायची, परत तारेवर. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मामींचे ओठ हलत होते, नामस्मरण चाललं असावं. वीस मिनिटांनी ती सरळ भोकात शिरली. मामींनी पदरानं डोळे टिपले आणि पुन्हा ज्वारीपाशी जाऊन बसल्या.

चारातली तीन पिल्लं उडाली. चौथं नंतर घरटं काढताना तळाशी सापडलं. ते मी विसरलेले नाही. पेटीचं तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला, आणि दुपारनंतर तिच्यावर ऊन पडता कामा नये.

ते सूप बुरुडाकडचं होतं, बांबूचं. आता बाजारात प्लास्टिकची सुपं आलीत. माझं आग्रहाचं सांगणं आहे, सूप घ्यायचं तर बुरुडाकडूनच घ्या. त्याच्या हाताला काम राहील आणि तुमचं धान्यही नीट पाखडलं जाईल.

आता अळी. मोठी चिमणी दाणे खाते, पण पिल्लांना ती अळ्या, मावा, कोवळे किडे भरवते. म्हणून पेटीत पिल्लं असताना जास्वंदीवर मावा दिसला तर औषध मारू नका. फारच झाला तर तेवढा शेंडा खुडून टाका. दाण्याची वाटी ठेवून पिल्लं वाढत नाहीत. जास्वंद, कढीपत्ता, शेवगा, एखादा दोडक्याचा वेल एवढं पेटीजवळ असलं की पुरतं.

आणि थोडी मोकळी माती ठेवा. चिमणी धुळीत अंघोळ करते. माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरं होती तेव्हा किलचानात, छताखालच्या लाकडी फळ्यांच्या फटींत, तिला जागा मिळायची आणि अंगणात माती. आता स्लॅब आला, अंगणभर फरशी आली. पावसाचं पाणी फरशीवरून नालीत जातं आणि मेमध्ये आपण टँकरची वाट बघतो. निदान चार फरश्या उचला, एवढं तरी करा.

पेटीवर लक्ष ठेवायचं ते लांबून. आठवड्यातून एकदा, चिमणी बाहेर गेलेली असताना, झाकण उचलायचं, दहा आकडे मोजायच्या आत बंद करायचं. तारीख आणि संख्या लिहायची. पिल्लं बारा दिवसांची झाली की झाकणाला हात नको, घाबरून वेळेआधी उड्या टाकतात. साधारण पंधराव्या-सोळाव्या दिवशी ती आपली आपण जातात. मग जुनं घरटं काढून पेटी उन्हात वाळवा.

मामी आता नाहीत. सुपाच्या दोन पट्ट्या निसटल्यात, मी सुतळीनं आवळल्यात. आज सकाळी इकडे निघताना त्याच्या कडेवर चिमणा बसला होता, चोचीत वाळलेलं गवत घेऊन.

नमस्कार.