चढ दमवतो, उतार आंबवतो

(सातारा हिल हाफ मॅरेथॉननंतरच्या मंगळवारी साताऱ्यात धावपटू आणि त्यांच्या घरच्यांसमोर एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

रविवारी तुम्ही पळालात, आज मंगळवार. हा वार मी मुद्दाम मागून घेतला. वर येताना जिन्याबद्दल कुणी तक्रार केली नाही. मघाशी चहाला खाली जाताना मात्र निम्मी मंडळी कठडा धरून खेकड्यासारखी आडवी उतरत होती. मी वरून बघत होते. यवतेश्वरचा घाट कोण किती जोरात उतरलंय, ते मी तिथूनच सांगितलं असतं.

आपल्याकडे या दुखण्याला नेमका शब्द आहे, आंबणं. "मांड्या आंबल्यात" म्हटलं की समोरच्याला सगळं कळतं. लचक, चमक, उसण, गोळा, मुका मार ही सगळी वेगळी दुखणी, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्यातला फरक बरोबर कळायचा. गोळा बहुतेकदा पळता-पळता येतो आणि थोड्या वेळात सुटतो. लचक एका क्षणात भरते, बोट ठेवून जागा दाखवता येते. आंबलेल्या अंगाचं तसं नाही. पळून आलात, मिसळ हाणलीत, मेडल घालून फोटो काढलेत, निवांत झोपलात. सोमवारी सकाळी संडासात बसायची वेळ आली तेव्हा कळलं. १२ ते २४ तासांनी सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दुखतं आणि ५ ते ७ दिवसांत आपलं आपण जातं.

पण याच शब्दाने एक घोटाळा करून ठेवलाय. आंबणं म्हटलं की आम्ल आठवतं, आणि जिममधला मुलगाही सांगतो, "मॅडम, लॅक्टिक ॲसिड साचलंय, ते मोकळं करायला पाहिजे." बिचाऱ्या आम्लावर फुकटचा आळ! पळणं थांबलं की साधारण तासाभरात रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे याच आम्लाचं रक्तातलं रूप, मूळ पातळीला येतं. मंगळवारी दुखवायला ते शिल्लकच नसतं. १९८३ साली याचा सरळ प्रयोग झाला. काहींना सपाटीवर पळवलं, काहींना उतारावर. सपाटीवाल्यांचं लॅक्टेट चढलं, पण पाय दुखले नाहीत. उतारवाल्यांचं चढलं नाही, आणि पाय मात्र दुखले. त्याच्याही आधी, १९०२ मध्ये, थिओडोर हफ या अमेरिकन शास्त्रज्ञाने स्नायूच्या आत बारीक फाटाफूट होत असणार, असा अंदाज बांधला होता.

आता उतारच का? माडीवरून गव्हाचं पोतं दोराने खाली सोडायचंय असं समजा. दोर सुटत जातो आणि तुम्ही तो आवळूनही धरलेला असतो. हात सोलतात ते तेव्हा. घाट उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू हेच करतो, लांबत असतानाच आवळून धरतो. त्यात त्याचे सूक्ष्म धागे विस्कटतात, भोवती सूज येते, तिथल्या नसा हळव्या होतात. चढताना छाती फुटायची वेळ येते, पण दुसऱ्या दिवशी दुखतं ते उतरल्याचं.

मग यावर काय करायचं? सगळ्यात आधी मालिश, कारण त्याच्या बाजूने पुरावा बरा आहे आणि ते आपल्या मातीतलंही आहे. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी ९९ अभ्यास एकत्र करून तपासले. थंड पाणी, दाबून धरणारे कपडे, हलका व्यायाम, मालिश, सगळं त्यात होतं. दुखणं आणि थकवा कमी करण्यात मालिश सगळ्यांच्या पुढे निघालं. हा जिल्हा खाशाबा जाधवांचा, १९५२ ला हेलसिंकीहून पदक आणणाऱ्या गोळेश्वरच्या पैलवानाचा. तालमीत जोर-बैठका झाल्या की एकमेकांचं अंग रगडायची रीत इथे कुणाला शिकवावी लागत नाही. फक्त तालमीतला जोर आज नको. आंबलेल्या मांडीत अंगठा रुतवून "गाठ फोडणं" म्हणजे जखमेवर चिमटा. तळवा पसरून ठेवा, गुडघ्याकडून वर जांघेकडे सावकाश न्या, २०-३० मिनिटं. तेल कुठलंही चालेल, त्याचं काम हात घसरवण्याचं. जोर किती, याची माझी खूण सोपी आहे. मालिश चालू असताना माणूस गप्पा मारत असेल तर ठीक, श्वास रोखून दात आवळले की जास्त झालं.

बर्फाबद्दल बोलताना मला माझीच फजिती सांगावी लागेल. माझ्या पहिल्या मॅरेथॉननंतर मी निळ्या ड्रममध्ये बर्फाची अर्धी लादी फोडून टाकली आणि कमरेपर्यंत आत उतरले. जेवढं गार तेवढं चांगलं, असा हिशोब. पंचवीस मिनिटांनी बाहेर पाय टाकला तो फरशीवर टेकलाय की नाही तेच कळेना, आणि मी ड्रमसकट आडवी झाले. नवरा अजून लोकांना सांगतो, फिजिओथेरपिस्टला उचलायला फिजिओथेरपिस्ट बोलवायची वेळ आली होती! एवढ्या गारठ्याची गरजच नसते. ११ ते १५ अंशाचं पाणी, तितकीच मिनिटं, बस्स. त्याने पुढचे दोन-चार दिवस दुखणं थोडं हलकं वाटतं. पण ताकद कमवायला वजनं उचलणाऱ्या पोरांनी रोज हा उद्योग करू नये. २०१५ च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात व्यायामानंतर दर वेळी १० अंशाच्या पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू १२ आठवड्यांत इतरांपेक्षा कमी वाढले. व्यायामानंतर स्नायू वाढवण्याचं जे काम आत सुरू होतं, तेच गारठ्याने मंदावतं आणि बांधकाम रखडतं.

गरम पाण्यात निर्गुडीचा पाला टाकून शेकणं घरोघरी चालतं. ऊबेने आखडलेपण सुटतं, बरं वाटतं, जरूर करा. शेक चटका बसेल इतका नको, एवढंच. स्ट्रेचिंगवर मात्र लोकांचा भारी विश्वास, आणि तिथे पदरात फार काही पडत नाही. २०११ पर्यंतच्या १२ अभ्यासांचा आढावा घेतला तेव्हा १०० च्या मापावर फरक पडला १ ते ४ अंकांचा. फोम रोलरने, म्हणजे फोमच्या जाड नळकांड्यावर पाय घोळवून, थोडा आराम मिळतो, आणि तो विकत घ्यायचा नसेल तर पोटरीला घरातलं लाटणं चालतं (पोळ्यांचं नको, दुसरं ठेवा). शेक देणाऱ्या अल्ट्रासाउंडच्या मशीनने या दुखण्यात काही साधत नाही, आणि माझ्याकडे ते मशीन असूनही मी हे सांगतेय. हलकं चालणं चांगलं. ‘चार भिंती’च्या टेकडीपर्यंत रमतगमत जाऊन या. चालताना दुखणं कमी होतं, घरी आल्यावर परत जाणवतं, आणि त्यात काही बिघडलं असं नसतं.

खरी लस वेगळीच आहे. अजिंक्यताऱ्यावर रोज पहाटे जाणाऱ्या साठीच्या बायका बघा. उतरून थेट भाजी घ्यायला जातात, कुणाचं काही आंबत नाही. स्नायू एकदा उताराचा मार खातो, सावरतो, आणि पुढचे काही आठवडे तोच मार त्याला फारसा लागत नाही. त्यासाठी पहिला मार मोठा असावा लागत नाही. पुढच्या वर्षी शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी दोन-तीनदा घाट नुसता उतरा. वर हवं तर गाडीने जा. सगळे चढाचा सराव करतात, उताराचा कुणी करत नाही.

शेवटी दोन प्रश्न आलेत. पहिला, "पेनकिलर घेतली तर?" उपाशीपोटी, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना, शर्यतीच्या दिवशी तर नकोच. किडनीवर ताण येतो.

दुसरा प्रश्न मागे बसलेल्या ताईंचा, "मुलगा पैजेवर हजार बैठका मारून आलाय, घाबरायचं कधी?" ताई, त्याला आज लघवीचा रंग बघायला सांगा. कोऱ्या चहासारखी असेल तर मालिश नको, बर्फ नको, निर्गुडी नको, तडक दवाखाना. स्नायू फार फुटला की त्यातला माल रक्तातून किडनीत जातो आणि तिथे अडतो. एकच पोटरी सुजून लाल, गरम झाली असेल, किंवा आठवडा उलटूनही दुखणं तेवढंच असेल, तरी दाखवायचं. काय म्हणालात? रंग विचारला नाही? मग फोन लावा की आत्ताच, आम्ही थांबतो.