बोलावण्याची वाट पाहणारे वैमानिक

श्रोते हो, नमस्कार.

२०२० सालच्या एप्रिल महिन्यातली गोष्ट आहे. टाळेबंदी लागून तीन आठवडे झाले होते, गोंदिया तालुक्यातल्या आमच्या बांध्यांमध्ये उन्हाळी धान निसवणीला आला होता, आणि अशा एका दुपारी माझ्या धाकट्या बहिणीचा तिच्या गावाहून फोन आला. तिचा आवाज कापत होता. ती म्हणाली, "दादा, पोराले फर्लोवर टाकलं म्हनते. फर्लो तं जेलातल्या कैद्यायले भेटते ना?"

तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, एका विमान कंपनीत सहवैमानिक होता. बहिणीने हा शब्द आयुष्यभर वर्तमानपत्रात एकाच अर्थाने वाचला होता, त्यामुळे तिची भीती अगदी स्वाभाविक होती. कैद्याला मिळणाऱ्या फर्लोला आपल्या सरकारी मराठीत संचित रजा म्हणतात. मी तिला समजावले की शब्द तोच असला तरी इथे त्याचा अर्थ निराळा आहे. मुलाने कसलाही गुन्हा केलेला नाही, कंपनीची विमाने उभी आहेत म्हणून त्याला बिनपगारी रजेवर घरी पाठवले आहे, आणि काम सुरू झाले की परत बोलावतील. तिचे समाधान झाले, पण माझे झाले नाही. संचित रजेवर सुटलेल्या कैद्याच्या आदेशावर परत हजर होण्याची तारीख लिहिलेली असते. माझ्या भाच्याच्या पत्रात मात्र "पुढील सूचना मिळेपर्यंत" एवढेच शब्द होते. आज मला आपल्याशी त्या न लिहिलेल्या तारखेविषयी बोलायचे आहे.

आमच्या भागातल्या शेतकऱ्याचा मुलगा वैमानिक कसा झाला, असे काही श्रोत्यांच्या मनात येईल. आमच्या गावापासून बिरसीचा विमानतळ जवळ आहे. ही धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधली. पुढे तिथे वैमानिक प्रशिक्षण संस्था आली, आणि तिची लहान, एका इंजिनाची विमाने दिवसभर आमच्या बांध्यांवरून घिरट्या घालू लागली. रोवणीच्या वेळी चिखलात वाकलेल्या बायका क्षणभर पाठ सरळ करून वर पाहायच्या. मी शाळेत गणित आणि विज्ञान शिकवत होतो. वर्गात मुलांचे डोळे फळ्यावरून खिडकीकडे वळले की आज हवा स्वच्छ आहे हे मला न पाहताच कळायचे. त्या मुलांपैकी एक माझा भाचा होता. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय असले, वैद्यकीय तपासणी पार पडली आणि २०० तासांचे उड्डाण पूर्ण झाले की व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळतो, ही माहिती त्यानेच मला दिली. खर्चाचा आकडा मात्र त्याने बराच उशिरा सांगितला. परवाना, आणि त्यानंतर मोठे विमान चालवण्याचे स्वतंत्र प्रशिक्षण, असे सगळे मिळून तो पन्नास लाखांच्या वर जात होता. माझ्या मेहुण्यांनी तलावाखालची ओलिताची दोन एकर जमीन विकली आणि उरलेल्या रकमेसाठी घर बँकेकडे गहाण ठेवले.

२५ मार्च २०२० पासून देशांतर्गत प्रवासी विमाने थांबली. ठीक दोन महिन्यांनी, २५ मे रोजी, ती पुन्हा उडू लागली. पण सुरुवातीला नेहमीच्या एक तृतीयांश फेऱ्यांनाच परवानगी होती. एका प्रवासी विमानामागे कंपनीला साधारणपणे दहा-बारा वैमानिक ठेवावे लागतात. म्हणजे एक विमान उभे राहिले की दहा-बारा घरांत शांतता पसरते, आणि त्या वर्षी अशी विमाने शेकड्यांनी उभी होती. कंपन्यांकडे पैसा नव्हता हे मी मान्य करतो. रिकाम्या विमानासाठी पूर्ण पगार द्या, असे म्हणण्याइतका मी अव्यवहारी नाही. माझे म्हणणे वाट पाहण्याच्या रीतीविषयी आहे.

ही रीत अमेरिकेत पूर्वीपासून बांधलेली आहे, म्हणून तिथला प्रकार थोडा सविस्तर सांगतो. तिथे प्रत्येक मोठ्या विमान कंपनीत वैमानिकांची ज्येष्ठता यादी असते. नोकरीला लागल्या दिवशी जो क्रमांक मिळतो, त्यावरच पुढे कोणते विमान, कोणते शहर, कोणत्या पाळ्या आणि कॅप्टनपद केव्हा, हे सारे ठरते. मंदी आली की यादीच्या तळापासून, म्हणजे शेवटी लागलेल्याला आधी, घरी पाठवतात; बोलावताना नेमका उलटा क्रम पाळतात, आणि घरी बसलेल्यांना बोलावून झाल्याशिवाय नवीन माणूस घेत नाहीत. हे सगळे कंपनी आणि वैमानिकांची संघटना यांच्यातल्या लेखी करारात असते. बोलावणे आले तेव्हा एखाद्याने दुसरे काम धरलेले असेल, तर पुष्कळ करारांत त्याला ते बोलावणे काही काळ पुढे ढकलता येते आणि त्याचा क्रमांक जात नाही.

ही व्यवस्था सुखाची आहे असे मात्र कोणी समजू नये. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर तिथल्या हजारो वैमानिकांना घरी बसवले गेले, आणि त्यांतल्या काहींना परतायला दहा वर्षांच्या आसपास लागली. मध्येच, २००७ च्या डिसेंबरमध्ये, तिथे निवृत्तीचे वय ६० वरून ६५ झाले. ज्येष्ठांना पाच वर्षे वाढवून मिळाली, आणि खाली वाट पाहणाऱ्यांसाठी ज्या जागा रिकाम्या व्हायच्या त्या झाल्याच नाहीत. करोनाच्या वर्षी तिथल्या सरकारने कंपन्यांना पगारासाठी पैसे दिले, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२० ला संपली, आणि दुसऱ्याच दिवशी दोन मोठ्या कंपन्यांनी मिळून सुमारे ३२,००० कर्मचाऱ्यांना घरी पाठवले. त्यांत वैमानिकांबरोबर हवाई सेविका होत्या, विमाने दुरुस्त करणारे कारागीरही होते. डिसेंबरअखेरीस मदतीचा नवा कायदा झाला, तेव्हा त्यांना परत घेण्यात आले. हाल तिथेही झाले. पण घरी बसलेल्या माणसाला आपल्या पुढे किती जण आहेत हे मोजता येत होते, आणि आपल्याला डावलून मागचा पुढे जाणार नाही एवढी खात्री त्याच्या हातात होती.

माझ्या भाच्याच्या हातात काय होते? त्याच्या कंपनीत ज्येष्ठता यादी होती, पण घरी पाठवताना ती पाळली की नाही हे कोणी सांगितले नाही. त्याच्या तुकडीतल्या काहींना महिन्यातून चार-पाच उड्डाणे मिळत राहिली आणि काहींना एकही मिळाले नाही. त्याने विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे आली ती "परिस्थिती पाहून कळवू" अशी. आपल्या देशात हे तत्त्व कोणाला ठाऊकच नव्हते असेही नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात, कामगार कपात करताना शेवटी आलेल्याला आधी काढावे, आणि पुन्हा भरती करताना काढलेल्यांना आधी संधी द्यावी, असे स्वच्छ लिहिले होते. गिरणीतल्या कामगारासाठी जी गोष्ट पाऊणशे वर्षांपूर्वी न्याय्य ठरली, ती बिनपगारी रजेच्या एका पानी पत्रात कुठेच उतरू नये, याचे मला अजून वाईट वाटते.

आता मी त्या भागाकडे येतो, जो बाहेरच्या माणसाच्या ध्यानात सहसा येत नाही. शिक्षक वर्षभर घरी बसला तरी दुसऱ्या वर्षी खडू उचलून वर्गात जाऊ शकतो. वैमानिकाचे तसे नाही. प्रवासी घेऊन उडायचे तर मागच्या ९० दिवसांत त्याने किमान तीन वेळा विमान उडवलेले आणि तीन वेळा उतरवलेले असावे लागते. वर्षातून दोनदा त्याच्या कौशल्याची परीक्षा होते, आणि तिच्यात एक इंजिन बंद पडल्यावर काय करशील, दाट धुक्यात कसा उतरशील, हे त्याला करून दाखवावे लागते. चाळिशीच्या आतल्या वैमानिकाचीही वैद्यकीय तपासणी दरवर्षी होते. डोळे, कान, हृदय, रक्त, सगळे पाहतात. नोकरीवर असताना हे सारे कंपनी करून घेते. घरी बसलेल्याची मुदत मात्र एकेक करून संपत जाते, आणि उड्डाणाचा सराव घडवणारी सिम्युलेटर यंत्रे दिल्लीकडे, हैदराबादेत किंवा बंगळुरूला. तिथल्या एकेका तासाचे भाडे भरणे बिनपगारी माणसाच्या आवाक्यातले नसते.

धान पिकवणाऱ्या श्रोत्यांना हे लगेच कळेल. आपण पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, टाकतो, आणि तीन आठवड्यांत ते रोवणीला येतात. पाऊस लांबला तर ते वाफ्यातच उभे राहतात. वरून हिरवेगार दिसतात, पण वय होत जाते, कांडे धरू लागतात, आणि मग कितीही चांगल्या चिखलात रोवले तरी त्यांना पुरेसे फुटवे येत नाहीत. माझा भाचा त्या पावसाळ्यात गावी होता. सकाळी बांधीत काम करायचा, आणि दुपारी ओसरीवर आरशासमोर खुर्ची टाकून बसायचा. मांडीवर विमानाच्या कळफलकाचे छापील चित्र असे. डोळे मिटून तो एकेका बटणावर बोट ठेवी आणि इंग्रजीत पुटपुटे. त्याच्या आईला वाटले, मुलाचे डोके फिरले. मी त्याच्याजवळ बसून विचारले, तेव्हा तो म्हणाला, "मामाजी, हात विसरू नये म्हणून करतो."

कर्जाचे हप्ते रिझर्व्ह बँकेच्या सवलतीमुळे ऑगस्ट २०२० पर्यंत थांबले, पण व्याज थांबले नाही, ते मुद्दलात चढले. सप्टेंबरपासून मेहुण्यांनी हप्ता कसा भरला हे मी इथे सांगणार नाही. ते त्यांना आवडणार नाही.

पैशापेक्षा त्या घराला जास्त छळले ते लोकांच्या विचारपुशीने. गावात विचारणारा वाईट मनाने विचारत नाही, हे मी जाणतो. तरी किराणा दुकानात, पाण्याच्या टाकीजवळ, लग्नाच्या मांडवात, प्रत्येक जण "काजी, कधी बलावतेत?" असे विचारी, आणि प्रत्येक वेळी त्या मुलाला "माहीत नाही" म्हणावे लागे. हळूहळू माझ्या बहिणीने लग्नांना जाणे सोडले. त्याला काढून टाकले आहे अशी कुजबुज झाली, आणि एक ठरत आलेली सोयरीक मोडली. ज्याची नोकरी गेली त्याला निदान दुसरी शोधता येते. बिनपगारी रजेवरच्या माणसाला राजीनामा द्यावा तर ज्येष्ठता जाते आणि नव्या कंपनीत पुन्हा तळापासून सुरुवात करावी लागते; शिवाय त्या काळात नवी भरती करत होते तरी कोण? म्हणून तो कागदावर नोकरदार आणि घरात बेकार, अशा स्थितीत राहिला.

त्याला बोलावणे आले ते एकोणीस महिन्यांनी. ईमेल रात्री आला आणि हजर व्हायला दहा दिवसांची मुदत होती. वैद्यकीय तपासणी त्याने कर्ज काढून वेळेवर करून ठेवली होती, म्हणून तो जाऊ शकला. सिम्युलेटरमधल्या पहिल्या सत्रात आपला हात जड पडला, हे त्याने मला फोनवर मोकळेपणाने सांगितले. तिसऱ्या सत्रापर्यंत सारे परत आले. आज तो उडतो आहे.

त्याच्याबरोबर बिरसीला शिकलेला भंडारा जिल्ह्यातला एक मुलगा मात्र अजून घरी आहे. त्याची कंपनी पुढे बंदच पडली. हा प्रकार आपल्या देशात नवा नाही. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये किंगफिशर थांबली, १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज, आणि ३ मे २०२३ ला गो फर्स्ट. जेटच्या लोकांनी तर कंपनी पुन्हा उभी राहील या आशेवर वर्षे घालवली. शेवटी नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मोडीत काढण्याचा आदेश दिला. बोलावणारेच उरले नाहीत, तेव्हा त्या वैमानिकांनी कोणाकडे पाहायचे? दुसऱ्या कंपन्यांनी काहींना घेतले, पण ज्यांचे तास कमी आणि मधला खंड मोठा, ते मागे राहिले.

मला वाटते, बिनपगारी रजेच्या प्रत्येक पत्रावर दर तीन महिन्यांनी फेरविचाराची तारीख असावी, घरी बसलेल्यांची क्रमवार यादी त्यांना पाहायला मिळावी, आणि रजेच्या काळात वैद्यकीय तपासणी व सिम्युलेटरचा किमान सराव कंपनीच्या खर्चाने व्हावा. पगाराच्या मानाने हा खर्च थोडा आहे. अमरावतीजवळ बेलोऱ्यालाही वैमानिक प्रशिक्षणाचे मोठे केंद्र २०२४ मध्ये जाहीर झाले. आपल्या भागातली आणखी मुले या वाटेने जातील, आणि त्यांचे आईवडील जमिनी विकतील. तुमच्या घरी असा विचार चालू असेल, तर परवान्याच्या खर्चाबरोबर दोन वर्षांच्या हप्त्यांचाही हिशेब आधी मांडून ठेवा, आणि नेमणुकीच्या करारात रजेविषयी काय लिहिले आहे ते सही करण्यापूर्वी कोणाकडून तरी वाचून घ्या. आमच्या घरी ते कोणी वाचले नव्हते.

भंडाऱ्याचा तो मुलगा दरवर्षी न चुकता वैद्यकीय तपासणी करून घेतो. त्याचे वडील आता नाहीत, आणि परगावी एकटे जाणे त्याला नकोसे होते. पुढच्या महिन्यात त्याची तारीख आहे. या वेळी त्याच्यासोबत मी जाणार आहे.

नमस्कार.