नव्या गेम कन्सोलला एचडी हवेच का?

मला आज बोलण्यासाठी दिलेला प्रश्न असा आहे की, नव्या गेम कन्सोलला हाय-डेफिनिशन, म्हणजे एचडी, ग्राफिक्सची सोय असणे आवश्यक आहे का. गेली वीस वर्षे प्रत्येक नव्या यंत्राच्या वेळी हा प्रश्न तितक्याच आवेशाने विचारला जातो. त्यातला आकडा तेवढा बदलतो. चित्रात किती आडव्या ओळी हे सांगणारा तो आकडा आधी ७२० होता, मग १०८० झाला, आता ४के (२१६० ओळी) आहे. दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या परीने खरे बोलत असूनही वाद मिटत नसेल, तर गफलत बहुधा शब्दातच असते. ‘एचडी’ या एका शब्दात आपण तीन निराळ्या गोष्टी कोंबल्या आहेत, असे माझे मत आहे. कन्सोलमधून टीव्हीकडे जाणारा सिग्नल ही एक गोष्ट. कन्सोलने प्रत्यक्ष हिशेब करून रंगवलेले पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, ही दुसरी. आणि एचडीच्या पिढीबरोबर ग्राफिक्स चिपमध्ये आलेली नवी क्षमता ही तिसरी. पहिलीला पर्याय नाही, तिसरी सर्वांत मोलाची आहे, आणि जिच्यावरून सगळे भांडण होते ती दुसरी पुष्कळ अंशी ज्याच्या त्याच्या निवडीवर सोडता येते.

हा वाद खऱ्या अर्थाने पेटला तो २००६ साली. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात आला होता, सोनीचा प्लेस्टेशन ३ या नोव्हेंबरात येत होता, आणि दोघांच्याही जाहिरातीचा मुख्य सूर एचडी हाच होता. त्याच महिन्यात निन्टेंडोने वी बाजारात आणला. त्याचे चित्र ४८० ओळींच्या पुढे जात नव्हते. त्याचा प्रोसेसर ७२९ मेगाहर्ट्झचा आणि ग्राफिक्स चिप २४३ मेगाहर्ट्झची होती. निन्टेंडोच्याच २००१ मधल्या गेमक्यूबमध्ये हे आकडे ४८५ आणि १६२ होते, म्हणजे पाच वर्षांत वेग जेमतेम दीडपट झाला होता. मुख्य मेमरी ८८ मेगाबाइट, आणि स्पर्धकांकडे ५१२. कागदावर ही लढत एकतर्फी होती. प्रत्यक्षात वीचे दहा कोटींहून अधिक संच विकले गेले आणि स्पर्धकांपैकी प्रत्येकाची विक्री साडेआठ कोटींच्या आसपास राहिली.

एचडी अनावश्यक आहे असे म्हणणाऱ्यांसाठी एवढा पुरावा पुरेसा असतो, आणि त्या काळी मीही तो मोठ्या उत्साहाने पुढे करत असे. त्याला जुन्या इतिहासाचीही जोड मिळते. १९८९ साली आलेल्या गेम बॉयचा पडदा १६० बाय १४४ पिक्सेलचा होता आणि त्यावर हिरवट राखाडी रंगाच्या अवघ्या चार छटा दिसत. अटारीचा लिंक्स आणि सेगाचा गेम गियर हे त्याचे प्रतिस्पर्धी रंगीत होते आणि त्यांच्या पडद्यामागे दिवाही होता. मात्र गेम गियरला सहा सेल लागत आणि ते काही तासांत संपत, तर गेम बॉय चार सेलवर कितीतरी जास्त वेळ चाले. गेम बॉयची रचना करणारे गुनपेई योकोई यांची भूमिका अशी होती की, मुरलेले, स्वस्त झालेले तंत्रज्ञान घ्यावे आणि ते नव्या कामाला लावावे. वीचा हालचाल ओळखणारा कंट्रोलर याच विचाराचा वारस होता.

परंतु वीच्या कहाणीचा उत्तरार्ध या युक्तिवादात सहसा सांगितला जात नाही. आयुष्याच्या अखेरच्या दोन-तीन वर्षांत या यंत्राची विक्री झपाट्याने उतरली, आणि इतर कंपन्यांचे मोठे खेळ त्याच्यावर एक तर येतच नव्हते किंवा वेगळ्या चमूने मुळापासून केलेल्या, हात आखडून बनवलेल्या आवृत्तीत येत होते. याचे कारण पिक्सेल कमी होते हे नव्हे. खेळ १२८० बाय ७२० ऐवजी ६४० बाय ४८० मध्ये रंगवायचा असेल, तर तो बदल तुलनेने सोपा असतो, आणि ९,२१,६०० पिक्सेलांऐवजी ३,०७,२०० रंगवायचे म्हटल्यावर ते काम एक तृतीयांशावर येते. अडचण शेडरची होती. शेडर म्हणजे एखाद्या पृष्ठभागाच्या ठिपक्यावर प्रकाश पडला की तो कसा दिसेल, याचा हिशेब सांगणारी छोटी आज्ञावली. एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ यांच्या चिपवर खेळ करणाऱ्याला अशा आज्ञावल्या मनाजोग्या लिहिता येत होत्या. वीची चिप आधीच्या धाटणीची होती. तिच्यात ठरावीक क्रियांची जुळवाजुळव करून परिणाम साधावा लागे. कुशल माणसे त्यातूनही सुंदर चित्रे काढत, पण दुसरीकडे लिहिलेल्या शेडरांवर उभा असलेला खेळ तिथे आणायचा म्हणजे त्याची प्रकाशयोजना, पृष्ठभाग, सावल्या, सगळे नव्याने बसवावे लागे. त्यात मेमरी एक षष्ठांश. वीला एचडी नसल्याचा फटका बसला असे लोक म्हणतात, तेव्हा त्यांनी पाहिलेला परिणाम खरा असतो, पण कारण चुकीच्या ठिकाणी चिकटवलेले असते. वीमध्ये नव्या पद्धतीची चिप आणि पुरेशी मेमरी असती आणि चित्र ४८० ओळींचेच राहिले असते, तरी ते खेळ त्याच्याकडे खूप अधिक सहजतेने आले असते.

आता पलीकडची बाजू पाहा, कारण तिथली कथा अधिक रंजक आहे. ज्या यंत्रांनी एचडीचा झेंडा उचलला, त्यांच्यावरचे कित्येक गाजलेले खेळ स्वतः एचडी नव्हते. २००७ सालचा ‘हेलो ३’ ११५२ बाय ६४० मध्ये रंगवला जात होता, आणि त्याच वर्षीचा ‘कॉल ऑफ ड्यूटी ४’ १०२४ बाय ६०० मध्ये. यंत्र हे चित्र ताणून टीव्हीला ७२० किंवा १०८० ओळी पुरवत असे. १०२४ बाय ६०० हा आकडा वरवर विचित्र वाटतो, पण त्यामागचे गणित करून पाहण्यासारखे आहे. एक्सबॉक्स ३६० च्या ग्राफिक्स चिपजवळ १० मेगाबाइटची अतिवेगवान मेमरी होती आणि रंगकाम चालू असलेले चित्र तिच्यात मावणे सोयीचे असे. प्रत्येक ठिपक्यासाठी रंगाचे चार आणि खोलीचे चार असे आठ बाइट लागतात; कडांवरच्या पायऱ्या गुळगुळीत करायच्या तर प्रत्येक पिक्सेलचे किमान दोन नमुने ठेवावे लागतात. १२८० गुणिले ७२० गुणिले सोळा केले तर सुमारे १४ मेगाबाइट होतात आणि मेमरी अपुरी पडते. १०२४ गुणिले ६०० गुणिले सोळा केले तर साडेनऊच्या आत बसते. त्या खेळाला सेकंदाला ६० फ्रेम (सुटी चित्रे) हव्या होत्या, म्हणजे एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. पिक्सेल सोडून दिले आणि वेग राखला. खेळणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या हे लक्षात आले. पण बटण दाबल्याबरोबर बंदूक उडते, हे मात्र प्रत्येकाला जाणवले.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढेल की मग एचडी सिग्नलही नको. इथे मी ठामपणे नाही म्हणेन, आणि माझे जुने मत मी इथेच बदलले. चित्रनळीच्या टीव्हीला ठरावीक पिक्सेल नसतात. इलेक्ट्रॉनांचा झोत ओळी ओढत जातो, त्यामुळे ४८० ओळींचे चित्र त्यावर मऊ आणि सलग दिसते. सपाट पडद्याचे तसे नाही. त्याच्या ठिपक्यांची संख्या कारखान्यातच ठरलेली असते आणि त्याहून लहान सिग्नल आला की तो ताणण्याचे काम टीव्हीला स्वतः करावे लागते. ४८० वरून १०८० म्हणजे सव्वादोन पट. पूर्ण आकड्यात भाग जात नसल्याने कडा धुरकट होतात. शिवाय त्या काळातले अनेक टीव्ही हा हिशेब करताना चित्र काही मिलिसेकंद अडवून ठेवत. चित्रपट पाहताना हा विलंब कळत नाही, पण तालावर बटण दाबायच्या खेळात तो सगळी मजा घालवतो. म्हणून चित्र ताणायचेच असेल तर ते कन्सोलने ताणावे. आतले चित्र कसे रचले गेले आहे हे त्याला ठाऊक असते, आणि धावसंख्या, नकाशा, संवाद ही वरची अक्षरे तो पूर्ण रिझोल्यूशनमध्ये वेगळी काढू शकतो. टीव्हीला यातले काहीच माहीत नसते.

अक्षरांचा मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. एक्सबॉक्स ३६० च्या सुरुवातीच्या काळात काही खेळांमधली अक्षरे एचडी पडद्यावर पाहून ठरवलेली होती आणि जुन्या टीव्हीवर ती अक्षरशः वाचता येत नव्हती. डोंगराची कडा धूसर असली तर खेळ अडत नाही. पुढे कुठे जायचे हे सांगणारे वाक्य धूसर असले तर अडतो. २००६ साली बहुतेक घरांत चित्रनळीच होती, त्यामुळे वीचा निर्णय त्या दिवशी समर्थनीय होता. पण १२ जून २००९ रोजी अमेरिकेतली मोठ्या केंद्रांची अॅनालॉग प्रक्षेपणे थांबली, जुलै २०११ मध्ये जपानच्या बहुतेक भागात थांबली, आणि घरातला पडदा बदलला. कन्सोल पाच-सहा वर्षे चालवायचा असतो. तो आणताना आजचा नव्हे, तर त्याच्या चौथ्या वर्षीचा टीव्ही डोळ्यांसमोर ठेवावा लागतो.

डोळ्यांचा उल्लेख आलाच आहे, तर थोडे मोजमाप करू. निरोगी दृष्टीला साधारण एका कलेचा, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाचा, तपशील वेगळा ओळखता येतो. या हिशेबाने ३२ इंची टीव्हीवरच्या ४८० ओळी सुमारे २.८ मीटरपलीकडून सुट्या दिसत नाहीत. ५५ इंची टीव्हीवर मात्र हेच अंतर जवळजवळ पाच मीटर होते. ७२० ओळींसाठी सव्वातीन मीटर, १०८० साठी सव्वादोन मीटरच्या थोडे आत, आणि ४के साठी जेमतेम एक मीटर. (हे गणित स्थिर चित्राचे आहे, हलत्या तिरप्या रेषेवरच्या पायऱ्या त्याहून दूरवरूनही डोळ्याला खुपतात, त्यामुळे ते कायद्यासारखे वापरू नये.) म्हणजे एचडीची गरज यंत्राच्या ताकदीवरून नव्हे, तर पडद्याच्या आकारावरून आणि बसण्याच्या अंतरावरून ठरते. २०१७ मध्ये आलेल्या निन्टेंडो स्विचचा ६.२ इंची पडदा ७२० ओळींचाच होता आणि त्यावर पुष्कळ टीका झाली. पण त्या पडद्यावरचा पिक्सेल साधारण ३७ सेंटिमीटरवरून डोळ्याला वेगळा दिसेनासा होतो, आणि हातातले यंत्र आपण जवळपास तेवढ्याच अंतरावर धरतो. टीव्हीला जोडल्यावर तेच यंत्र १०८० ओळींपर्यंत सिग्नल देत असे. या यंत्राचे पंधरा कोटींहून अधिक संच विकले गेले. त्याआधीचा वी यू हा निन्टेंडोचा पहिला एचडी कन्सोल. २०१२ मध्ये आला आणि दीड कोटीचा टप्पाही गाठू शकला नाही. एचडी आले म्हणून गिऱ्हाईक आले, असेही होत नाही.

खर्चाविषयी थोडक्यात सांगतो. चित्र स्पष्ट झाले की भिंतीवरचा पोपडा, अंगरख्याची शिवण, दूरच्या पाटीवरचा मजकूर, सगळे कोणीतरी बसून काढावे लागते. यंत्रातली चिप दरवर्षी स्वस्त होते, चित्रकाराचा दिवस स्वस्त होत नाही. लहान चमूंनी साध्या, ठसठशीत चित्रशैलीकडे वळण्यामागे आवडीइतकाच हा हिशेबही आहे, आणि अशा शैलीला पूर्ण एचडी सिग्नल सर्वांत जास्त शोभतो, कारण तिच्या स्वच्छ कडा धूसर झाल्या तर मागे काहीच उरत नाही.

आज रंगवलेले पिक्सेल आणि पडद्यावरचे पिक्सेल यांची फारकत उघडपणे मान्य झाली आहे. २०१६ च्या प्लेस्टेशन ४ प्रोने बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक ठिपके रंगवून उरलेले आधीच्या फ्रेमवरून भरून काढण्याची रीत रूढ केली. जून २०२५ मध्ये आलेला स्विच २ लहान चित्रावरून मोठे चित्र सिद्ध करण्यासाठी प्रशिक्षित न्यूरल जाळे वापरू शकतो. हे साधायचे तर चिपमध्ये त्यासाठीची क्षमता सुरुवातीपासून असावी लागते. ती नंतर अपडेटने घालता येत नाही. नव्या कन्सोलचा आराखडा माझ्यापुढे आला, तर मी आधी चिपची जात विचारीन, मग मेमरी, मग कंट्रोलरपासून पडद्यापर्यंतचा एकूण विलंब, आणि किती ओळी रंगवणार हा प्रश्न खेळ करणाऱ्यांवर सोपवीन.

व्याख्यानाआधी एका श्रोत्याने मला विचारले की, मग ८के चे काय. प्लेस्टेशन ५ च्या खोक्यावर सुरुवातीला ८के असे छापलेले असे आणि पुढे ते काढून टाकण्यात आले. ८के म्हणजे एका फ्रेमला ३,३१,७७,६०० पिक्सेल, ७२० ओळींच्या छत्तीस पट. मघाच्याच हिशेबाने ५५ इंची पडद्यावर ते सुटे दिसण्यासाठी पडद्यापासून साधारण अर्ध्या मीटरवर बसावे लागेल, आणि त्या अंतरावरून पडद्याच्या दोन्ही कडा एकदम नीट पाहता येणार नाहीत.