प्रोव्हँ : बाजारानं उभं केलेलं गाव

(दृश्य : तटबंदीच्या बाहेरून हळूहळू जवळ जाणारा कॅमेरा. कोरडा खंदक, पाठीमागून हसण्याचे आवाज.)

हा तट तेराव्या शतकातला. एक बुरूज गोल, दुसरा चौकोनी, तिसऱ्याला पक्ष्यासारखी चोच. आमच्यातला एक जण सह्याद्रीतले गड पालथे घालणारा. त्यानं येताच निकाल दिला, "याला चढ म्हणायचं? आपल्याकडे एवढ्यावर तर पार्किंग असतं."

गाव आहे प्रोव्हँ. पॅरिसच्या गार द लेस्त स्टेशनवरून पी लाइनची गाडी पकडायची आणि शेवटच्या स्टेशनवर उतरायचं, साधारण दीड तास. पॅरिस परिसराचा नाविगो प्रवासी पास चालतो, वेगळं तिकीट लागत नाही. आमच्या मंडळाचा कार्यक्रम इथे ठरला, त्यात या माहितीचा वाटा इतिहासापेक्षा मोठा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

(दृश्य : पोर्त सँ-झाँ, वेशीतून आत शिरणारी मित्रमंडळी.)

एवढा तट बघितला की वाटतं, आत एखादा लढवय्या राजा असणार. इथे मात्र राखायचे होते ते कापडाचे गठ्ठे. बाराव्या-तेराव्या शतकात हा मुलूख शँपेन प्रांताच्या काउंटांचा, म्हणजे तिथल्या सत्ताधारी सरदारांचा. त्यांच्या चार गावांत, त्रुआ, प्रोव्हँ, लान्यी आणि बार-स्युर-ओब इथे, वर्षभरात सहा मोठ्या जत्रा भरत. जत्रा म्हणजे पाळणे आणि भेळ नव्हे, आठवडेच्या आठवडे चालणारा घाऊक बाजार. त्यांतल्या दोन प्रोव्हँच्या वाट्याला, एक मे महिन्यात आणि एक सप्टेंबरात.

(दृश्य : प्लास द्यु शातेल. जुनी विहीर, शेजारी दगडी क्रूस, भोवती कॅफे.)

हा वरच्या गावातला मुख्य चौक. फ्लँडर्सचे, म्हणजे आजच्या बेल्जियमकडचे लोक लोकरीचं कापड आणत, इटलीचे लोक मसाले, रेशीम आणि मुख्य म्हणजे पैसा. मलबारची मिरी अलेक्झांड्रिया आणि व्हेनिसमार्गे याच बाजारात उतरे. विहिरीशेजारचा हा क्रूस सराफांचा, काउंटचे हुकूम इथे लावले जात.

जत्रेचाही क्रम ठरलेला. आधी कापड, मग चामडं, मग वजनावर विकायचा माल. सगळ्यात शेवटी हिशोब. खरी गंमत त्या शेवटच्या दिवसांत. अमक्याचं तमक्याकडे येणं, तमक्याचं तिसऱ्याकडे. ते सगळं एकमेकांत वळतं करायचं आणि उरेल तेवढंच रोख मोजायचं. रोकडीची पोती घेऊन आल्प्स ओलांडायला कुणाला आवडेल? मोबाइलवर कॉफीचे पैसे सहा जणांत वाटत बसलेल्या आमच्या खजिनदारबाईंनी एवढं मात्र अगदी कान देऊन ऐकलं.

आणि लोक इथेच का येत? कारण काउंट हमी द्यायचे. जत्रेला येता-जाता व्यापारी लुटला गेला, तर त्याची दाद लागायची. जत्रेचे खास अधिकारी असत, करारांवर त्यांची मोहोर पडे. माझ्या मते या गावाची खरी तटबंदी ती. दगडाची नंतर आली.

(दृश्य : ग्राँज ओ दीम, मग अरुंद जिना उतरून भुयार.)

ही तेराव्या शतकातली दगडी वखार. जत्रेत तुलूझचे व्यापारी ती भाड्यानं घेत. पुढे तिथे चर्चच्या वाट्याचं धान्य साठू लागलं. गावाच्या पोटात तळघरं आणि भुयारं आहेत, ती गाइडबरोबरच बघता येतात. आत गारवा इतका, की वर उन्हात जॅकेटला हसणारे सगळे जॅकेटवाल्याच्या भोवती जमले.

(दृश्य : तूर सेझार, अष्टकोनी मनोरा. आतला चिंचोळा जिना, धापा टाकण्याचा आवाज.)

नाव सीझरचं, पण मनोरा बाराव्या शतकातला. सीझरचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. धापा टाकतायत ते आपले गडवाले. वर पोचल्यावर चारी बाजूंना ब्री प्रांताची शेतं दिसतात. चीजमधली ब्री ती हीच. घंटाही याच मनोऱ्यात, शेजारच्या चर्चच्या.

घंटेवरून आठवलं, तेव्हा कामाची वेळही घंटेवरच ठरे. १२८० च्या सुमारास इथल्या महापौरानं, गियोम पाँतकोतनं, कापड कामगारांचा कामाचा दिवस तासाभरानं वाढवला. कामगार उठले आणि त्यांनी महापौरालाच ठार केलं. पुढे गावाला जबर शिक्षा झाली. ही गोष्ट ऐकून आमच्यातले आयटीवाले बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

(दृश्य : सँ-किरियास चर्च, आधी घुमट, मग आखूड राहिलेली बाजू.)

हे सँ-किरियास. बाराव्या शतकात मोठ्या थाटात काम सुरू झालं, पण पैसा आटला आणि पुढचा भाग कधी बांधलाच गेला नाही. घुमट सतराव्या शतकातला. ३ ऑगस्ट १४२९ ला जोन ऑफ आर्क आणि राजा सातवा चार्ल्स इथे प्रार्थनेला आले होते. तोवर जत्रांचं वैभव ओसरलं होतं. १२८४ मध्ये शँपेनच्या वारस राजकन्येचं लग्न फ्रान्सच्या युवराजाशी झालं आणि मुलूख राजघराण्याकडे गेला. इटलीची जहाजं समुद्रानं थेट फ्लँडर्सला जाऊ लागली. मग आडवाटेच्या गावात कोण येणार? पण श्रीमंती गेली म्हणून जुनं पाडून नवं बांधायची ऐपतही राहिली नाही. २००१ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा यादीत घेतलं ते हे उरलेलं गाव.

(दृश्य : गुलाबाच्या वस्तूंचं दुकान.)

आता खरेदी, कारण ती केल्याशिवाय आमचं मंडळ कुठूनच हलत नाही. इथला गुलाब औषधी म्हणून पूर्वीपासून नावाजलेला. काउंट चौथ्या तिबोनं तो क्रुसेडवरून, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धावरून येताना आणला अशी दंतकथा आहे. गुलाबाचा मध, गुलाबाचं सरबत, पाकळ्यांचा मुरांबा. दुकानदारबाईंनी छोट्या चमच्यानं चव दिली आणि सहाही जण एका सुरात म्हणाले, "गुलकंद!" बाईंना काही कळलं नाही, पण त्यांनी आनंदानं सहा बरण्या बांधल्या. खजिनदारबाईंनी पाचच्या पैशांचा आग्रह धरला. सौदा जमला नाही.