रात्री अडीचचं ऑम्लेट

(हायवे, लांबून निऑनची पाटी. पहिले पाच सेकंद नुसता गाड्यांचा आवाज.)

न्यू जर्सी. रात्रीचे अडीच. ह्या रस्त्यावर बाकी सगळ्यांनी शटर ओढलंय, उजेड आहे तो फक्त इथे. पाटीतलं एक अक्षर विझलेलं दिसेल, ते तसंच ठेवलंय.

हे डायनर, म्हणजे अमेरिकेतलं साधं, रस्त्याकडेचं हॉटेल. आता बाहेरून नीट बघा, गोल कोपरे, स्टीलचा पत्रा, ओळीनं खिडक्या... आपल्या लोकलचा डबाच जणू. बऱ्याच जणांना वाटतं की जुना रेल्वेचा डबा आणून ठेवलाय, मलाही कित्येक वर्षं तसंच वाटायचं. पण नाही. हे आख्खं हॉटेल कारखान्यात बनायचं. काउंटर, स्टुलं, शेगडी, टाइल्स, सगळं आत बसवून तयार, मग ते रेल्वेनं नाहीतर ट्रकवर लादून जागेवर आणायचं, पाणी आणि वीज जोडली की झाला धंदा सुरू! असं अरुंद का, तर रस्त्यानं नेता यायला पाहिजे म्हणून. जेरी ओ'माहोनीची कंपनी, कुलमन, पॅटरसनची सिल्क सिटी, हे सगळे कारखाने न्यू जर्सीतलेच, त्यामुळे ह्या राज्यात डायनर पावलोपावली.

(जुने फोटो. सावकाश.)

पण सुरुवात इथली नाही. 1872, ऱ्होड आयलंडमधलं प्रॉव्हिडन्स शहर. वॉल्टर स्कॉट नावाचा एक माणूस, छापखान्यात काम केलेला. त्याला माहीत होतं की रात्री पेपर छापणाऱ्यांना भूक लागते तेव्हा गावातली हॉटेलं कधीच बंद झालेली असतात. त्यानं घोडागाडी घेतली, तिला खिडकी केली आणि पेपरच्या ऑफिसबाहेर उभं राहून सँडविच, पाय (pie, आत सारण भरून भाजलेला पदार्थ), कॉफी विकायला लागला. गिऱ्हाईक बाहेर उभं, पावसात, थंडीत. पुढे 1887 मधे मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या सॅम्युअल जोन्सनं गाडीच एवढी मोठी केली की लोकांना आत येऊन खाता येईल. मग गाडीची चाकं गेली, डबा राहिला. म्हणजे बघा, हे दुकान मुळात रात्रपाळीसाठीच काढलेलं. सकाळचा नाश्ता वगैरे नंतर आला.

(शेगडी. इथे निवेदन नाही, फक्त चरचर.)

ह्या शेगडीवर एकाच वेळी काय काय चाललंय बघा, डाव्या कोपऱ्यात होम फ्राइज म्हणजे उकडलेल्या बटाट्याच्या फोडी कांद्याबरोबर, त्या कडेनं लाल होईपर्यंत आचारी हात लावत नाही, मधे ऑम्लेट, आणि उजवीकडे टेलर हॅम म्हणजे डुकराच्या मांसाची चकती, त्याला कडेला चार चिरा दिल्यात नाहीतर तापल्यावर वाटीसारखं फुगतं. अंडी एका हातानं फोडतोय. नजर दुसऱ्याच ऑर्डरवर.

पूर्वी काउंटरवरून ऑर्डर ओरडायची खास भाषा होती, टोस्टवर दोन पोच्ड अंडी म्हणजे 'अॅडम अँड ईव्ह ऑन अ राफ्ट'. आपल्याकडे उडप्याचा वेटर आत हाक द्यायचा ना, तसलंच. आता कॉम्प्युटरवर बटण दाबतात.

मेन्यू हा असा, पानंच्या पानं. पॅनकेकशेजारी स्पानाकोपिता हा पालक-चीजचा ग्रीक पदार्थ, कारण इकडे कित्येक डायनर ग्रीक कुटुंबांनी चालवली. आणि ही डिस्को फ्राइज, फ्राइजवर ग्रेव्ही आणि वितळलेलं चीज. सत्तरच्या दशकात रात्री डिस्को क्लब बंद झाले की पोरं हे खायला यायची, त्यावरून नाव पडलं म्हणतात. दिसायला भयंकर आहे, मान्य.

कोपऱ्यातलं टेबल आमचं. सासूबाईंना न्यूअर्क एअरपोर्टवरून घेतलं, फ्लाइट लेट, घरी जाईपर्यंत भूक कोणाला धरवते. वेट्रेसबाई आल्या आणि त्यांना म्हणाल्या, "व्हॉट कॅन आय गेट यू, हनी?" सासूबाईंनी हळूच विचारलं, "ही ओळखते का रे मला?" मग ग्रील्ड चीज मागवलं, बेकन नको हे दोनदा सांगून. कॉफी मात्र त्या संपवतच नव्हत्या, कारण कप जरा खाली गेला की बाई न विचारता परत भरत होत्या आणि ह्यांना वाटलं दर कपाचे पैसे लागणार.

(काउंटर. स्क्रब घातलेल्या दोघी नर्स, पाठमोऱ्या.)

ह्या दोघी शिफ्टमधल्या जेवणाच्या सुट्टीत नाही, शिफ्ट संपवून आल्यात. चेहरे नको म्हणाल्या.

2020 नंतर कितीतरी डायनरनी रात्र सोडून दिली, माणसं मिळत नाहीत, खर्च परवडत नाही, आता दहा-अकराला दिवे जातात.

(फिरतं काचेचं कपाट. लेमन मेरिंग, चेरी, अॅपल.)

सासूबाईंनी शेवटी अॅपल पाय पार्सल घेतला. बिल काउंटरवर द्यायचं, गल्ल्याशेजारी पुदिन्याच्या गोळ्यांची वाटी असते. त्यांनी बडीशेप समजून चमचा शोधला.