पेटीवरचा शिक्का

[दृश्य: देवगड, सकाळ. पेटीत पेंढा, पेंढ्यावर हापूस.]

हंगामाची पहिली पेटी आज भरली जाते आहे. शेजारी लॅपटॉप उघडा आहे आणि त्याच्या बाजूला एक वही. गेल्या काही वर्षांत ज्यांनी इथून आंबा नेला, त्यांनी स्वतःच्या हाताने या वहीत आपला ईमेल लिहून दिला. हजारावर नावं आहेत. साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला पाचशेच जणांना मेल जातो, म्हणून आंबा विकणाऱ्या ताई ईमेल मार्केटिंगची, म्हणजे एकदम अनेकांना मेल पाठवणारी, सेवा वापरतात. अमेरिकेत अटलांटाला 2001 मध्ये सुरू झालेली मेलचिंप ही अशीच एक सेवा. मुंबईची नेटकोर आणि चेन्नईची झोहोसुद्धा हे काम करतात.

ताई 'पाठवा' दाबतात.

[दृश्य: काळा पडदा, सरकत जाणाऱ्या ओळी.]

या ओळी नीट बघा. यादीतल्या प्रत्येक नावाचा वेगळा मेल तयार होऊन रांगेत लागला आहे. सेवेचा सर्व्हर एकेका ग्राहकाच्या मेल सर्व्हरचं दार वाजवतो: मी अमुक, पत्र यांच्याकडून, यांच्यासाठी. समोरून आकड्यात उत्तर येतं. 250 म्हणजे घेतलं. 450 म्हणजे आत्ता नको, थोड्या वेळाने या. मग तो मेल पुन्हा रांगेत जातो. 550 म्हणजे बहुधा असं इथे कुणी राहतच नाही, आणि तो पत्ता यादीतून गळतो. या बोलण्याची रीत 1982 साली ठरली, आजही तीच चालते.

त्या रीतीत एक उणीव राहून गेली. पाठवणारा जे नाव सांगेल ते खरं धरलं जायचं. देवगडच्या नावावर दुसरीकडचा आंबा खपवतात, ही इथली जुनीच तक्रार. मेलमध्येही तेच झालं. म्हणून आता अशा सेवांच्या मेलवर डिजिटल सही असते. तिला डीकेआयएम म्हणतात. पाठवणाऱ्याच्या डोमेनच्या, म्हणजे ईमेल पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाच्या, वतीने कोणत्या सर्व्हरने मेल पाठवायचा, ती यादी म्हणजे एसपीएफ. दोन्ही जुळलं नाही तर मेलचं काय करायचं, ते डीमार्क सांगतं.

[दृश्य: अढी. हात एकेक आंबा चाचपून बघतो.]

अनेक छोटे व्यावसायिक एकाच सर्व्हरवरून, एकाच आयपी पत्त्यावरून, म्हणजे त्या सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या क्रमांकावरून, मेल पाठवतात. त्यातल्या एकाने विकतची यादी आणून मेल मारले, की लोक 'स्पॅम'चं बटण दाबतात आणि पत्ता सगळ्यांचाच बदनाम होतो. अढीत एक नासका आंबा राहिला तर काय होतं, हे या हातांना सांगावं लागत नाही. म्हणूनच चांगल्या सेवा विकतची यादी चालू देत नाहीत. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल आणि याहू यांनीही नियम कडक केले. जीमेलवर दिवसाला 5000हून जास्त मेल पाठवणाऱ्याला सही सक्तीची आहे, एका क्लिकमध्ये नाव काढता आलं पाहिजे, आणि तक्रारी हजारी तीनच्या आत राहिल्या पाहिजेत.

मेल कुणी उघडला, याचा अंदाज त्यात दडवलेल्या एका ठिपक्याएवढ्या चित्रावरून येतो. वाचणाऱ्याला ते बहुधा ठाऊक नसतं.

[दृश्य: संध्याकाळ. टेम्पोत पेट्या चढतात. ताई वही उघडतात.]

आज दोघांनी 'यापुढे मेल नको' म्हणून कळवलं. सेवेने ती नावं केव्हाच गाळली आहेत. तरीही ताई लाल पेन घेतात आणि वहीतही ती खोडतात.