दमास्कसची वेस कोणी उघडली?

मंडळी, तैमूर म्हटलं की आपल्याला १३९८ ची दिल्ली आठवते. आज मी त्यानंतर दोनच वर्षांनी पडलेल्या दमास्कसच्या वेढ्याबद्दल बोलणार आहे.

ऑक्टोबर १४०० च्या अखेरीस सिरियातलं अलेप्पो पडलं आणि डिसेंबरात तैमूर दमास्कसपुढे येऊन ठेपला. शहर कैरोच्या, म्हणजे इजिप्तच्या, ममलूक सुलतानाचं. सुलतान फरज कोवळा पोरगा. बाप बरकूक १३९९ मध्येच वारलेला. फौज घेऊन तो आला खरा, पण कैरोत आपली गादी उलथवायची खटपट चालल्याची कुणकुण लागताच सरदारांसह माघारी फिरला. आपला धनीच निघून गेल्याचं शहराला मागाहून कळलं. माझ्या मते दमास्कस तेव्हाच हरलं. तरीही सामान्य लोक तटावर चढले आणि लढले, हे विसरू नका.

मग तैमूरने तहाची भाषा सुरू केली. काझी इब्न मुफ्लिह तटावरून खाली उतरून त्याला भेटला आणि त्याचे गोडवे गात परतला. किल्लेदार दरवाजे उघडायला राजी नव्हता. शहरात दोन गट पडले. त्याच गोंधळात इतिहासाचा थोर मीमांसक इब्न खलदून, वय सत्तरीकडे झुकलेलं, दोरांनी तटाखाली उतरला आणि तैमूरच्या छावणीत गेला. सुमारे ३५ दिवस त्याचं तिथे जाणंयेणं होतं. साम्राज्यं कशी उभी राहतात यावर आयुष्यभर विचार केलेला माणूस, आणि समोर साम्राज्य उभारणारा! तैमूरने मगरिबची, म्हणजे पश्चिमेकडच्या मुलखाची, तपशीलवार माहिती लिहून मागितली. त्याने ती लिहून दिली. मला हे फार खुपतं. जीव मुठीत धरून तो तिथे होता, हे मान्य. पण जिंकायला निघालेल्याला मुलखाचं वर्णन कशाला हवं असतं, हे त्याच्याइतकं कोणाला कळणार होतं?

शहराने वेस उघडली, अभय मिळालं. खंडणी ठरली दहा लाख दिनार. ती भरल्यावर तैमूर म्हणाला, एक कोटी हवेत. इकडे बालेकिल्ल्यातली मूठभर शिबंदी मात्र सुमारे महिनाभर झुंजत राहिली. शत्रूने मंजनिकांचा, म्हणजे दगड फेकणाऱ्या यंत्रांचा, मारा केला, भिंतींखाली खणून त्या पाडल्या, तेव्हा कुठे ती नमली. शेकडो पटींनी मोठं असलेलं शहर वाटाघाटीत गेलं आणि या थोड्यांनी एवढे दिवस काढले.

पुढे वस्त्या वाटून घेऊन लूट झाली. मार्च १४०१ मध्ये आग लागली, ती शहरातल्या मुख्य, उमय्यद मशिदीपर्यंत पोचली. छपराचं शिसं वितळलं. इब्न खलदूननेच हे लिहिलंय आणि कडक शब्दांत धिक्कारलंय.

विणकर, काचकाम करणारे, धनुष्यं घडवणारे यांना समरकंदला नेण्यात आलं. १४०४ मध्ये तिथे गेलेला स्पेनमधल्या कास्तिलचा राजदूत क्लाव्हिहो याने हे दमास्कसचे कारागीर तैमूरच्या राजधानीत काम करत असल्याची नोंद केली आहे.